कृपया दिलगिरी व्यक्त करू नका

दस्तगीरचाचा जमिनीवर आपटला आणि तासगावच्या वडाप स्टँडवरचे चौदा मोबाइल एकदम कोकलले.

माणूस पडला म्हटल्यावर माणसानं माणसाकडं बघावं की नाही? पण चौदातल्या तेरा ड्रायव्हरांचा हात आधी खिशात गेला. चाचाची टोपली उलटी झालेली, विड्याची पानं चिखलात पसरलेली, चाचा एका कुशीवर पडून "अल्ला, अल्ला" करतोय, आणि स्टँड सगळा मान खाली घालून स्क्रीन वाचतोय. 'सामूहिक विमा. हप्त्यात चौदा टक्के वाढ. कारण: संभाव्य दावा.'

वडाप म्हणजे माणसं भरली की सुटणारी गाडी. पूर्वी जीप असायची, आता बॅटरीवरची नऊ आसनी आली. नवात तेरा कोंबायची विद्या मात्र तीच राहिली. त्या स्टँडवर बाई ड्रायव्हर एकच, वैजयंता खोत. वय अठ्ठेचाळीस, तोंडाचा पट्टा कायम सुरू, आणि खोड्या काढण्यात अख्ख्या तालुक्यात नंबर एक. स्टँडचा म्होरक्या आकाराम चव्हाण. त्याच्या गाडीच्या मागं तिनं एकदा 'ताबडतोब विकणे आहे, मालक अडचणीत' अशी पाटी चिकटवली होती, खाली त्याचाच नंबर. आकारामला तीन दिवस फोन येत होते. चौथ्या दिवशी तो चुकून सौदा ठरवून बसला.

आजही तिचं तेच चाललं होतं. रांगेत नंबर लावायला गाडी मागं घेत होती, आणि डोकं खिडकीबाहेर काढून आकारामला चिडवत होती, "अहो चव्हाण, नवीन शर्ट? वहिनी माहेरी गेल्या वाटतं!" मागच्या कॅमेऱ्यावर चिखल बसला होता. एरवी ती फडक्यानं पुसायची. आज हसण्याच्या नादात राहिलं. धप्प आवाज आला.

वैजू उडी मारून खाली आली. "चाचा! आई गं! चुकलं हो चाचा, मी मागं बघितलंच नाही!"

लगेच तिच्याच गाडीच्या काचेवरची डबी बोलली. आवाज गोड, भाषा सरकारी. "कृपया जखमी व्यक्तीला स्पर्श करू नका. कृपया दिलगिरी व्यक्त करू नका. रुग्णवाहिका बोलावली आहे."

चौदा मोबाइल पुन्हा कोकलले. बावीस टक्के. कारण: चूक कबुली.

"अगं गप की बये!" आकाराम ओरडला. "बोलू नकोस!"

"माणूस पडलाय हितं!"

"दिसतंय मला! पण तू तोंड उघडशील तसा आकडा चढतोय!"

चाचा कण्हत म्हणाला, "असू दे पोरी, तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

"जखमी व्यक्ती शुद्धीवर आहे आणि बोलत आहे," डबी म्हणाली. अजून तीन टक्के.

"म्हणजे बेशुद्ध पडला असता तर स्वस्तात भागलं असतं?" मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसलेसुद्धा. वैजूनं मान वर करून बघितलं तेव्हा ते गप्प झाले. रुग्णवाहिका यायला अठरा मिनिटं लागली. तेवढा वेळ ती चाचाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि डबी दर दोन मिनिटांनी सांगत होती, कृपया स्पर्श करू नका.

ही डबी काय भानगड होती, तेवढं सांगितलं पाहिजे.

पूर्वीचा हिशेब सरळ होता. गाडीनं माणसाला उडवलं की माणूस दवाखान्यात जायचा, मग वकिलाकडं, मग मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा. पाच-सात वर्षांनी निकाल लागायचा, विमा कंपनी भरपाई द्यायची, आणि असे दावे वाढले की पुढच्या वर्षी सगळ्यांचाच हप्ता थोडा थोडा वाढायचा. सावकाश चालणारं काम. कुणाच्या दाव्यामुळं आपल्या खिशातून किती गेले, हे कुणालाच कळायचं नाही. त्यामुळं कुणी कुणाचा रागही करायचं नाही.

मग 'निर्धास्त विमा कंपनी'नं 'साक्षी' नावाची डबी काढली. तिला दोन कॅमेरे, कान, आणि मालकाच्या मोबाइलशी गाठ मारलेली. कंपनीनं तिला आधी झालेले दहा लाख अपघात शिकवले होते. कुणाला लागलं, कुठलं हाड मोडलं, वय काय, कमावता होता का, भावकीत वकील आहे का, कोण काय बोललं, आणि शेवटी त्यानं दावा लावला की नाही. त्यावरून डबी धडक झाल्या झाल्या सांगायची, हा माणूस कोर्टात जायची शक्यता शंभरात इतकी. आणि शक्यता वाढली की हप्ता त्याच मिनिटाला वाढायचा. दावा झालेला नाही, वकील बघितलेला नाही, जखमी अजून जमिनीवरनं उठलेला नाही, पण वाढ सुरू.

वर कंपनीनं सामूहिक विम्याची मेख मारली. चौदा गाड्या मिळून एक विमा, म्हणजे दर कमी. झक मारत सगळ्यांनी घेतला. आता एकाची धडक म्हणजे चौदा जणांची वाढ. कंपनी त्या डबीला साक्षी म्हणायची. स्टँडवर तिचं नाव पडलं चुलतसासू. सख्खी सासू निदान कधीतरी झोपते, असं वैजूच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस स्टँडवर आला. ऋत्विक नाडगौडा. तिशीतला पोरगा, इस्त्रीचे कपडे, बोलणं तुपात तळलेलं. त्यानं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला, तेव्हाच वैजूला संशय आला.

"घाबरू नका," नाडगौडा म्हणाला. "दावा झाला नाही तर सहा महिन्यांत दर पूर्वपदावर. फक्त एक नियम पाळायचा. संपर्कबंदी. चौदांपैकी कुणीही दवाखान्यात जायचं नाही, घरी जायचं नाही, फोन करायचा नाही. जखमीच्या घरच्यांशी अपघाताविषयी चकार शब्द नाही. मोबाइल आणि डबी दोन्ही नोंद ठेवतात."

"बघायलाबी जायचं नाही?" वैजू म्हणाली. "मी पाडलंय त्यांना!"

"म्हणूनच नाही. आकडे सांगतो. जे ड्रायव्हर जखमीला भेटायला गेले, त्यांच्यावर शंभरात एकसष्ट दावे झाले. जे गेले नाहीत, त्यांच्यावर शंभरात नऊ. हे मी म्हणत नाही, दहा लाख अपघात म्हणतात. भेटायला गेलं की माणसाला वाटतं, याच्या मनात पाप आहे. मग तो वकील गाठतो."

स्टँडवर सगळ्यांच्या माना डोलल्या. आकडा असला की माना डोलतातच. वैजू मात्र चहाचा कप हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब, तुमच्या गाडीत जॅक आहे?"

"आहे. का?"

"रस्त्यावर जॅक लावलेल्या शंभर गाड्या मोजा. नव्वद पंक्चर निघतील. बिनजॅकच्या शंभर मोजा, दोन निघतील. मग जॅकनं टायर फुटतो म्हणायचं का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. नाडगौडाही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत.

"नुसतं खरचटलं तर दवाखान्यात बघायला कोण जातंय?" वैजू म्हणाली. "ज्याचं हाड मोडलं, त्यालाच बघायला जातात माणसं. आणि हाड मोडलेलाच दावा लावतो. भेटीनं दावा होत नाही, साहेब. हाड मोडल्यानं दोन्ही होतं. तुमच्या चुलतसासूला तेवढं कळंना झालंय. तिला खरं शोधायचं असंल, तर सारखंच हाड मोडलेली दोनशे माणसं घ्या, चिठ्ठ्या टाका, शंभरांना भेटायला जा, शंभरांना जाऊ नका. मग मोजा."

"ताई, तिथं पीएचडी झालेली माणसं बसलीत."

"त्यांच्या गाड्या पंक्चर होत नसतील."

नाडगौडानं कप खाली ठेवला. "नियम मोडणाऱ्याचं नाव विम्यातून निघेल. तुम्ही त्याला बाहेर काढलं नाही, तर चौदांचा विमा रद्द. तुम्ही ठरवा."

तो गेल्यावर ठरवलं ते आकारामनं. हात वर करायला सांगितले. तेरा हात वर. जो जाईल त्याचा नंबर रांगेतून कायमचा गेला.

"आकारामभाऊ," वैजू म्हणाली, "तुझ्या पोरीच्या लग्नात चारशे विडे लागले. पानं कुणी दिली? एक पैसा घेतला का त्यांनी?"

"माहीत आहे मला!" आकाराम खेकसला. "आणि त्याच पोरीचं बाळंतपण आलंय. गाडी बंद पडली तर मी काय करू? तू नीट मागं बघितलं असतंस तर ही वेळ आली असती का?"

आयुष्यात पहिल्यांदा वैजूचं तोंड बंद झालं, आणि बंद करणारा खरं बोलत होता.

तीन आठवडे ती गेली नाही. गाडी चालवली, माणसं भरली, सांगली गाठली, परत आली. चाचाला ठेवलेला सांगलीतला दवाखाना तिच्या रस्त्यावरच होता. रोज चार वेळा समोरून जायचं. गाडीचा वेग जरा कमी झाला की चुलतसासू विचारायची, "आपण थांबत आहात का?" आकारामनं नवीन खोड लावून घेतली होती. दर फेरीला तो वैजूच्या प्रवाशांना विचारायचा, गाडी मध्ये कुठं थांबली होती का? डबी निदान कंपनीच्या पैशानं नजर ठेवायची. हा फुकट राबत होता.

चाचाच्या जागी आता स्टँडवरच्या चिंचेखाली त्याची बायको जैबूनचाची पानं घेऊन बसायची. एका सकाळी वैजूला राहवलं नाही. ती पानं घ्यायच्या निमित्तानं गेली.

"वीस पानं द्या, चाची."

चाचीनं मान वर केली नाही. पानं मोजली, ओल्या फडक्यात बांधली, समोर ठेवली. मग पानांकडंच बघत म्हणाली, "खुब्याचं हाड मोडलंय. उजवं मनगट मोडलंय. परत टोपली उचलायची नाही म्हणतोय डॉक्टर. आणि हा माणूस रोज दुपारी दाराकडं बघत बसतोय. नर्स आली तरी विचारतोय, वैजू आली का."

वैजूचा मोबाइल खिशात. अपघाताविषयी चकार शब्द नाही. तिनं खिशाकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला, तोंडावर बोट ठेवलं, डोळे मोठे केले.

चाचीनं तिच्याकडं बघितलं आणि तिचे डोळे भरले. "अजून नकलाच सुचत्यात तुला? तुझा माणूस तरी बरा. रोज येतोय शहाळं घेऊन. 'वैजयंताबाईंनी पाठवलंय, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते' म्हणतोय. उद्या अकराला सही घ्यायला येणार आहे, आणि चाळीस हजार देणार आहे. हा म्हणतोय, वैजूनं पाठवलाय ना माणूस, करून टाकू सही."

वैजू उभ्या जागी थिजली. तिचा माणूस? तिनं कुणाला पाठवलं होतं?

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख झालं. जॅक आणि पंक्चरचा घोळ त्या पीएचडीवाल्यांना कळत नव्हता, असं तिला वाटत होतं. कळत होता की! पुरेपूर कळत होता. त्यांना तो आकडा खरा असायची गरजच नव्हती. चौदा ड्रायव्हर घाबरून घरी बसले पाहिजेत, एवढ्यापुरताच तो होता. पाडणारा भेटायला आला नाही की पडलेल्याचं मन खट्टू होतं. खट्टू झालेल्या माणसाच्या उशाशी शहाळं घेऊन जो पहिला जाईल, तो सही घेऊन येतो. आणि तो पहिला माणूस कंपनीचाच असावा, याची राखण स्टँडवरची तेरा माणसं करत होती. ज्याच्यासाठी आयुष्यभर हप्ते भरले, तेच त्या म्हाताऱ्याला मिळू नये म्हणून!

तिला इतका राग आला, की खोडी सुचली.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी रांगेत लावली, मोबाइल गाडीतच चार्जिंगला ठेवला, आकारामला सांगितलं, "जरा पोटात दुखतंय, घरी जाऊन येते." आणि मागच्या बोळानं जाऊन सांगलीची एसटी धरली.

दवाखान्यात पोचली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. चाचा उशीला टेकून बसलेला, उजवा हात प्लास्टरात. चाची पायाशी. आणि उशाशी स्टुलावर ऋत्विक नाडगौडा, एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात कागद. कागदावर मोठ्या अक्षरात 'स्वखुशीने तडजोड'. चाचाच्या डाव्या अंगठ्याला शाई लावून झाली होती.

वैजूला बघून नाडगौडाचा हात हवेतच राहिला.

"वैजू!" चाचा म्हणाला. लहान पोरासारखं हसला तो. "आलीस होय गं!"

आता इथं दुसरी कुणी असती तर आरडाओरडा केला असता. वैजूनं पदर सावरला, चेहरा भोळा केला आणि नाडगौडाला हात जोडले. "काय सांगू चाचा, हे साहेब म्हणजे देवमाणूस! माझ्या वतीनं रोज येतात ना? मला तर येववत नव्हतं लाजेनं. होय ना साहेब? माझ्या वतीनंच येता ना तुम्ही?"

नाडगौडानं क्षणभर तिच्याकडं बघितलं. बाई आपल्या बाजूनं बोलतेय असं त्याला वाटलं. नाहीतरी माणसाला तेच वाटतं, जे सोयीचं असतं.

"हो, हो," तो म्हणाला. "तुमच्या आणि कंपनीच्या वतीनं."

"बघा! पण चाचा रुसलेत हो माझ्यावर. रुसलेला माणूस अंगठा कसा देईल? जरा माझ्या वतीनं माफी मागा की साहेब. तुमची भाषा गोड आहे. मी मागितली तर रडायला येतं मला."

"अगं, मी कुठं रुसलोय..." चाचा म्हणाला.

"गप बसा हो चाचा. साहेब मागतायत माफी."

नाडगौडाची नजर शाई लागलेल्या अंगठ्यावर होती. शाई वाळत चालली होती. तो घाईनं म्हणाला, "चाचा, वैजयंताबाईंच्या आणि कंपनीच्या वतीनं मी मनापासून माफी मागतो. चूक आमचीच होती. गाडी मागं घेताना बघायला पाहिजे होतं. झालं गेलं विसरा."

त्याच्याच खिशातून गोड आवाज आला.

"चूक कबुली नोंदवली आहे. बोलणारी व्यक्ती: कंपनीचे अधिकृत प्रतिनिधी. कृपया दिलगिरी व्यक्त करू नका."

नाडगौडाची स्वतःची गाडी होती, आणि तिचा विमा कंपनीचाच होता. त्यामुळं खिशातल्या मोबाइलमध्ये चुलतसासू होतीच. तिला बिचारीला मालक-नोकर कळत नव्हतं. जो बोलेल त्याची नोंद.

नाडगौडाच्या हातातलं शहाळं कागदावर कलंडलं. "हे... हे खोटं आहे! बाई, तुम्ही मला फसवलंत!"

"मी?" वैजूचा भोळा चेहरा एका झटक्यात उतरला. "माझ्या नावानं तीन आठवडे हितं येऊन बसलास तू! मला घरात कोंडलंस, माझ्या माणसांना माझ्यावर सोडलंस, आणि माझ्याच नावाचं शहाळं पाजून या म्हाताऱ्याचा अंगठा घेत होतास! चाळीस हजार? या खुब्याची वाटी बदलायलाच तीन लाख लागतील. हप्ते कशाला भरले आम्ही? देव्हाऱ्यात ठेवून पुजायला?"

शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. नर्स आली. नाडगौडा ओला कागद गोळा करून निघाला, तेव्हा एका प्लास्टरवाल्यानं त्याला विचारलं, "साहेब, मलापण परवा एक कागद दिलाय तुम्ही, तो तसलाच का?"

वैजू चाचाच्या उशाशी बसली. आता तिला खरंच रडायला आलं. "चाचा, दावा लावा. माझ्यावर लावा. गाडी माझी, चूक माझी. मी कोर्टात येऊन सांगते."

"तुझं काय होईल मग?"

"विमा आहे की. त्यासाठीच असतोय तो."

"आणि स्टँड?"

वैजू चाचाच्या अंगठ्याची शाई पदरानं पुसत बसली.

व्हायचं ते झालं. संध्याकाळच्या आत तिचं नाव विम्यातून निघालं आणि नंबर रांगेतून. एकटीच्या विम्याला कुठलीच कंपनी परवडणारा दर देईना. गाडी विकून ती बेदाण्याच्या शीतगृहावर पगारी ड्रायव्हर म्हणून लागली. स्टँडवरच्या तेरा गाड्यांचा हप्ता मात्र वाढलेलाच राहिला, कारण दावा लागला होता. दोघांनी गाड्या विकल्या. बाकीचे वैजू दिसली की तोंड फिरवायचे. आकाराम तर थुंकायचा. कंपनीनं त्यांना सांगून ठेवलं होतं, दावा फेटाळला गेला की त्याच दिवशी दर खाली.

दावा सुनावणीला उभा राहिला दीड वर्षांनी, सांगलीच्या न्यायाधिकरणात, मंगळवारी दुपारी साडेबाराला. न्यायाधीश एक वयस्कर बाई होत्या. चाचा कुबड्या घेऊन पुढच्या बाकावर, शेजारी जैबूनचाची. ज्यांच्यावर दावा त्या जाबदारांत वैजू क्रमांक एक, कंपनी क्रमांक दोन. म्हणजे कागदावर दोघं एकाच बाजूला!

कंपनीच्या वकिलानं वैजूलाच उलट धुवायला घेतलं. "बंदी असताना तुम्ही भेटायला गेलात. म्हणजे तुमचं आणि अर्जदाराचं संगनमत होतं."

"होय, होतं," वैजू म्हणाली. "वीस वर्षांचं. रोज सकाळी पानं घ्यायचं."

कोर्टात हशा पिकला. बाईंनी पेन आपटलं. वकील म्हणाला, नाडगौडांची कबुली फसवून घेतलेली आहे, ती धरू नये. आणि चूक ड्रायव्हरची नव्हतीच. दस्तगीर तांबोळी यांना गाड्यांच्या मधून पळायची सवय होती. त्यासाठी आमचा साक्षीदार आहे.

साक्षीदार म्हणून आकाराम चव्हाण पिंजऱ्यात येऊन उभा राहिला.

वैजूनं मनातच हिशेब केला. नाडगौडाची कबुली उडाली, तर तिच्या शब्दाविरुद्ध आकारामचा शब्द. आणि ती तर संगनमतवाली. एवढ्यावर चाचाचा दावा फेटाळला जाऊ शकत होता. आकारामनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यानं वैजूकडं बघितलं नाही. चाचाकडंही नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत त्यानं शपथ घेतली.

"अर्जदार गाड्यांच्या मधून पळायचे, हे खरं आहे का?" वकिलानं विचारलं.

आकारामनं शर्टाची कॉलर सारखी केली.

"चव्हाण, तुम्ही तसं लेखी दिलंय. हे खरं आहे का?"

आकारामची नजर घड्याळावरून सरकली आणि पुढच्या बाकावर आली. दीड वर्षात त्यानं चाचाला पहिल्यांदा बघितलं असावं. चाचा निम्मा झाला होता. चाचानं त्याला ओळखीचं हसू दिलं, आणि डाव्या हातानं सलाम केला, स्टँडवर रोज करायचा तसा.

"डोक्यावर टोपली घेतलेला साठीचा माणूस," आकाराम म्हणाला, "पळतोय कुठला, साहेब."

"काय?"

"पळत नव्हता. उभा होता. तिनं मागं बघितलं नाही. माझ्याकडं बघत होती, माझी चेष्टा करत होती, आणि मी हसत होतो. मला समोरून दिसत होतं चाचा मागं उभा आहे ते. मी ओरडायला पाहिजे होतं. हसता हसता राहिलं."

वैजूनं तोंडावर हात ठेवला. हे तिलाही माहीत नव्हतं.

"पण तुम्ही लेखी दिलंय!" वकील ओरडला.

"तुम्हीच लिहून आणलं. हप्ता कमी होईल म्हणालात, मी सही केली." आकाराम न्यायाधीशबाईंकडं वळला. "आणि बाईसाहेब, अजून एक लिहून घ्या. माझ्या पोरीच्या लग्नाची पानं या माणसानं फुकट दिली. हा माणूस तीन महिने दवाखान्यात होता. माझी गाडी रोज चार वेळा दवाखान्यासमोरून जायची. मी एकदा पण आत गेलो नाही. तेबी लिहा."

"याचा या दाव्याशी काहीही संबंध नाही," वकील म्हणाला. "माझी हरकत आहे."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग टायपिस्टला म्हणाल्या, "लिहून घ्या."

टायपिस्टनं टाइप केलं, कागद काढला आणि सहीसाठी पुढं केला. आकारामनं पेन घेतलं नाही.

"आधी वाचून दाखवा," तो म्हणाला. "मोठ्यानं. चाचाला ऐकू जाईल असं."